नऊ बेटांचं बंड: आमचे चाचे आता उपाशी मरणार, सल्ला द्या

मिठागरवाला (ठाणे)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

आम्ही काही जण दर शनिवारी रात्री घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एक जण जग उभं करतो (तो गाढव मी), बाकीचे त्या जगातली पात्रं होतात, आणि पुढे काय घडेल ते थोडं अकलेवर, थोडं फाशांवर. खेळाडूंत एक डेंटिस्ट, एक बँकवाला, कॉलेजातली दोन भावंडं आणि माझी मावसबहीण. ती फक्त समोशांसाठी येते म्हणते, पण सगळ्यात जास्त माणसं तिनेच मारलीत.

जग असं. अंबार नावाचं राज्य. तिथे मंत्र नुसता म्हणून टिकत नाही, मिठात मुरवावा लागतो. (होय, लोणचंच. हसा.) तट उभे आहेत, नदीचे बांध धरलेत, रात्री दिवे जळतात, सगळं मुरवलेल्या मंत्रांवर. आणि तसलं मीठ फक्त समुद्रातल्या नऊ बेटांवर पिकतं. राजाचं मीठखातं ते तीन पिढ्यांपूर्वी ठरलेल्या भावाने उचलतं. बेटकऱ्याच्या घरात मुठीपेक्षा जास्त मीठ सापडलं तर पावसाच्या तोंडावर येऊन त्याच्या घराचं छप्पर उतरवून नेतात. मारत नाहीत, कोंडत नाहीत. नुसतं छप्पर नेतात.

हे मीठ माझ्या डोक्यात कुठून आलं विचाराल तर आमचे आजोबा भाईंदरच्या मिठागरात होते. त्यांच्या टाचांच्या भेगा मी लहानपणी मोजायचो. कायम अंक चुकायचा.

तर बेटकऱ्यांनी होड्या काढल्या आणि मीठखात्याची गलबतं लुटायला लागले. राज्य त्यांना चाचे म्हणतं, ते स्वतःला नुसतं 'नऊ' म्हणतात. डेंटिस्ट त्यांचा म्होरक्या. तीन महिने मजेत गेले. मागच्या शनिवारी यांनी मोठा ताफा गाठला, चाळीस गलबतं. ती हाकून न्यायला माणसं कमी पडली, तेव्हा बँकवाला म्हणाला, बुडवून टाकू. बुडवली. वर्षभराचं मीठ जिथून आलं तिथे परत गेलं. राजाने बेटांकडे जाणारं धान्य तोडलं. बेटांवर माणसं सहा हजार, नारळ रगड, नाचणी नावापुरती, साठा चाळीस दिवसांचा. खेळात सध्या वैशाख चालू आहे.

मला त्यांना फाशांनी मारायचं नाही आणि आकाशातून तांदूळही पाडायचे नाहीत. असलं बंड खरंच टिकतं कसं? जाणकारांनी सांगावं.

आळशी_अजगर

बँकवाल्यानेच सगळं भांडवल बुडवावं यात नवल ते काय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कोपरखैरणे_लोकल

सहा हजार माणसं, माणशी अर्धा किलो धरलं तर रोज तीन टन. तुमचं गलबत दहा टनाचं असेल तर दर तीन दिवसांनी एक भरलेलं गलबत बेटाला लागलं पाहिजे, न चुकता. लुटीवर हे जमणार नाही. लुटीत आज चाळीस मिळतील, मग महिनाभर काहीच नाही. पोट महिन्याच्या सरासरीवर भरत नाही.

शंकेखोर

यानंतर कोणीतरी येऊन कान्होजी आंग्र्यांना 'चाचे' म्हणणारच. त्याचा आगाऊ निषेध नोंदवतो.

गुराब

शंकेखोर, तुमच्या निषेधातच मिठागरवाल्याचं उत्तर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पोर्तुगीज सोळाव्या शतकात या समुद्रात आले आणि म्हणाले, आमचा परवाना घेतल्याशिवाय कोणी जहाज हाकायचं नाही. परवाना नसेल तर माल जप्त. त्याला ते चाचेगिरी म्हणत नव्हते, कायदा म्हणत होते. पुढे कान्होजींनी तेच केलं. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, म्हणून आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आमचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, ही त्यांची मागणी. ज्यांनी घेतलं ते सुखाने गेले. मुंबईचे इंग्रज घेईनात, मग त्यांची जहाजं धरली गेली, आणि त्यांनी कागदोपत्री लिहिलं 'पायरेट'. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तरी हात हलवत परत गेले. तेव्हा समुद्रावर चाचा कोण आणि सरकार कोण, हे तलवारीपेक्षा कोणाचा कागद कोण मानतो त्यावर ठरत होतं.

म्हणून तुझ्या 'नऊ'नी लूट थांबवावी आणि दस्तक विकावं. मीठखातं सोडून बाकीचे व्यापारीही त्या पाण्यातून जात असतीलच ना? मसाले, कापड, घोडे? त्यांना सांगायचं, धान्याच्या रूपात एवढं द्या, आमचा शिक्का घ्या, आमच्या हद्दीत तुमच्या शिडाला कोणी हात लावणार नाही. वर कोपरखैरणेंनी मांडलेला हिशेब मग जुळतो, कारण आवक ठरावीक होते.

हे कल्पनेतलं नाही. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झेंग यी साव नावाच्या बाईच्या हाताखाली शेकडो जहाजं होती, आणि त्यांच्या कमाईचा भरवशाचा भाग म्हणजे संरक्षणाच्या पावत्या. त्यात कोणाची गलबतं होती, सांगू? मिठाची! बाई १८१०मध्ये सरकारशी बोलणी करून, माफी घेऊन बाहेर पडली आणि पुढे अंथरुणात मेली. या धंद्यात हे फार थोड्यांना जमलं.

शंकेखोर

निषेध अंशतः मागे.

पण मग दस्तक विकलं की ते बंड राहिलं का? की दुकान झालं?

बेलापूरकर_काकू

दुकान तर दुकान. चूल पेटली पाहिजे.

मिठागरवाला, तुम्ही सगळ्यांनी मिळून लढणारे मोजलेत. सहा हजारांत होडीवर जाणारे किती, सहाशे? उरलेली पाच हजार चारशे माणसं काय करतात, हे तुझ्या गोष्टीत कुठेच नाही. आणि तू वैशाख म्हणालास. अरे, ज्येष्ठात समुद्र बंद. मग पार नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात जात नाही. तुझ्या चाळीस दिवसांच्या साठ्यावर पावसाळा काढायचा आहे! आमच्या उरणच्या माहेरी आजी अक्षय तृतीयेपासूनच आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या, मागे लागायची. सोडे, बोंबील, जवळा उन्हात, पत्र्यावर, दोरीवर. डब्याला कागद लावून झाकण घट्ट. तांदळाची कणगी लिंपायची. घरात माणसाला बसायला जागा नाही अशी बेगमी. तुझ्या बेटांवर मीठ आहे, मासळी आहे. खारवा! ज्या मिठापायी छप्पर जात होतं तेच मीठ आता उघड्यावर वापरा. बंड झालंय हे बायकांना त्या दिवशी कळेल.

आणि पाणी? सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असून. त्या नसत्या तर नुसता तट काय चाटायचा होता? तुझ्या नऊ बेटांपैकी गोडं पाणी किती बेटांवर आहे ते आधी ठरव. ज्या बेटावर विहीर, त्याच बेटावर खरी गादी.

(अवांतर: बेट म्हटलं की लोकांना वाटतं स्वतंत्र. आमच्या समोरच्या घारापुरीला, न्हावा-शेवाचे दिवे रोज बघणाऱ्या बेटाला, वीज पोचायला २०१८ साल उजाडलं. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली तेव्हा.)

(आणखी अवांतर: ती मुठीची अट वाचून १९३०चे शिरोडं आणि वडाळ्याचे मिठाचे सत्याग्रह आठवले. तिथेही मूठभर मिठासाठीच लाठ्या खाल्ल्या लोकांनी.)

मिठागरवाला

काकू, दंडवत. समुद्र बंद असतो हे मी विसरलोच होतो. खेळात आम्ही श्रावणातसुद्धा लढाया केल्यात. आता मागच्या लढाया कशा रद्द करायच्या?

आळशी_अजगर

'अधिक महिना होता' म्हणून सांग.

वाशीगावची

मी इतिहासातली नाही, पण खाडीवरची आहे. बाबांची होडी होती, म्हणून लिहिते.

तुमच्या राजाची जहाजं मोठी असणार, तळ खोल. बेटकऱ्यांच्या होड्या उथळ. मग लढाई समुद्रात करताच कशाला? खाडीच्या तोंडाशी करा आणि वेळ बघून करा. आमच्यात हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, अमावास्या-पौर्णिमेला साधारण बाराला. तिथून सहा तासांनी पाणी उतरलेलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ जबरदस्त, डोली, म्हणजे मोठी जाळी, लावायचे ते दिवस. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी मरगळलेलं, लोक घरी बसून जाळी विणतात.

मी सातवीत असताना बाबांबरोबर गेले होते. डोल ओढायला अर्धा तास उशीर झाला. तेवढ्यात पाणी उतरलं आणि होडी बसली गाळात. तो गाळ बघितलाय का कोणी जवळून? वरून चकचकीत, राखाडी, साय धरल्यासारखा. पाय टाकला की मांडीपर्यंत जातो आणि ओढून काढताना चप्पल तिथेच राहते. चालता येत नाही, फळीवर पोटावर पडून सरकावं लागतं. वाशीच्या पुलावरून लोकल जात होत्या, दारातली माणसं आमच्याकडे बघत होती, आणि आम्ही पाच-सहा तास तिथेच, डब्यातली भाकरी पुरवून पुरवून खात. बाबा एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

आता तुमच्या राजाचं जहाज तसं बसलं असं धरा. मोठं जहाज गाळात सरळ बसत नाही, कलंडतं. एका बाजूच्या तोफा आभाळाकडे, दुसऱ्या बाजूच्या चिखलात. तेव्हा फळीवरून सरकत गेलेली दहा पोरं पुरतात.

गुराब

वाशीगावची, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

त्याला एक पुरवणी. उघड्या पाण्यातही आपल्याकडे हीच अक्कल होती. गुराब म्हणजे मोठं लढाऊ जहाज, तिच्या नाळेवर पुढे तोंड केलेल्या तोफा, आणि गलबतांना वल्ही. वारा पडला की युरोपी जहाज जागच्या जागी लटकायचं, त्याच्या तोफा जवळजवळ सगळ्या दोन कुशींना. मग आंग्र्यांची गलबतं गुराबेला दोर लावून वल्ह्यांनी ओढत न्यायची आणि मागून, सुकाणूच्या बाजूने, मारा चालू. तिकडे उत्तर द्यायला तोफा जेमतेम. म्हणून खेळात वाऱ्यासाठी एक फासा ठेव. वारा पडला तर बेटकऱ्यांची सरशी, वारा भरला तर पळ काढायचा.

शंकेखोर

सगळे डावपेच सांगताय, कोणी राजाच्या बाजूने विचार करेल का?

मिठागरवाला, तुझा राजा एवढा मूर्ख का आहे? मीठ नाही तर त्याचे बांध फुटणार, तट पडणार. अशा वेळी शहाणा राजा आरमार पाठवत नाही, भाव वाढवतो. चीनमध्ये मिंग राजवटीने खाजगी समुद्रव्यापारच बंद केला तेव्हा कालचे व्यापारी आज चाचे झाले. १५६७मध्ये बंदी सैल केली आणि चाचेगिरी ओसरली. नुसतं लोकांना पकडून संपली नाही, तर करायची गरजही उरली नाही म्हणून संपली.

तुझ्या राजाने उद्या दवंडी पिटली की मिठाला दुप्पट भाव, छप्परं परत, तर नवातली किती बेटं डेंटिस्टच्या मागे उभी राहतील? माझ्या मते तीन. आणि ती तीनही भावासाठी नाही, कोणाचा तरी मुलगा त्या चाळीस गलबतांच्या लढाईत गेला म्हणून.

कोपरखैरणे_लोकल

+१. आतापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद. शंकेखोरांना उद्यापासून मीठखात्यात नोकरी.

मिठागरवाला

बापरे. हे मी शनिवारी वापरणार. डेंटिस्ट या संस्थळावर नाही, तेव्हा कोणी फोडू नका.

एक राहिलं. किनाऱ्यावर एक दर्यासुभेदार आहे, राजाचाच सरदार, पण बेटांना आतून मदत करतो. धान्य त्याच्याकडून मिळू शकेल. बँकवाल्याचा त्याच्यावर फार विश्वास आहे.

गुराब

बँकवाल्याने मीठ बुडवलं, आता माणसं बुडवणार.

दोन गोष्टी सांगतो. मलबारचे कुंजाली मरक्कार हे कालिकतच्या राजाचे, सामुतिरीचे, आरमारप्रमुख, पिढ्यान् पिढ्या पोर्तुगीजांशी झुंजले. चौथा कुंजाली डोईजड झाला असं सामुतिरीला वाटलं, आणि तो पोर्तुगीजांनाच जाऊन मिळाला. दोघांनी मिळून किल्ला वेढला. १६००मध्ये कुंजाली आपल्याच राजाला शरण गेला, तर पोर्तुगीजांनी त्याला उचलून गोव्यात नेऊन मारलं. दुसरी आपल्या घरची. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेना, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५मध्ये सुवर्णदुर्ग गेला, १७५६मध्ये विजयदुर्ग. मराठ्यांचं सगळ्यात जबर आरमार बंदरात जळालं, आणि ते जाळायला इंग्रजांना निमंत्रण होतं आपलंच.

तेव्हा दर्यासुभेदाराकडून धान्य जरूर घ्या, पण ज्या दिवशी 'नऊ' त्याच्यापेक्षा मोठे दिसायला लागतील त्या दिवशी तो काय करेल ते तू आत्ताच कागदावर लिहून पाकिटात घालून ठेव.

शंकेखोर

तुळाजींवरून वेगळा धागा निघू शकतो. निघू नये ही इच्छा.

संपादक मंडळ

तुळाजींवरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया बेटांवर या.

बेलापूरकर_काकू

मिठागरवाला, शनिवार झाला की. काय झालं?

मिठागरवाला

सांगतो. उशीर झाला, कारण क्लबहाऊसचं प्रकरण मिटवत होतो (आरडाओरड्याची तक्रार, आमच्याच विंगमधून).

सुरुवातीलाच राजाची दवंडी वाचून दाखवली. दुप्पट भाव, छप्परं परत. टेबलावर शांतता. कॉलेजातली पोरगी म्हणाली, "मग घेऊया ना, हेच तर हवं होतं." डेंटिस्ट म्हणाला, "आणि चाळीस गलबतांवरची माणसं?" त्यावर बराच वाद. शेवटी बेटांची सभा भरवली, प्रत्येक बेटासाठी फासा टाकला. चार बेटं राजाकडे परत गेली. शंकेखोरांचा अंदाज दोनने चुकला. पाच उरली, त्यांत गोड्या विहिरीचं एकच, कासवी. काकू, गादी तिथेच गेली.

मग यांनी दस्तक काढलं. बँकवाल्याने खरोखरचा शिक्का करून आणला, बटाटा कोरून, शाईत बुडवून. कासव, पाठीवर नऊ ठिपके. मी म्हटलं, आता पाचच आहेत. तो म्हणाला, "ठिपके कमी करायचे नसतात, लोक घाबरतात." पहिल्या दिवशी दोन मसाल्याच्या जहाजांनी तांदूळ देऊन कागद घेतला. तिसरं पळालं, त्याला माझ्या मावसबहिणीने खाडीत नेऊन ओहोटीला बसवलं. वाशीगावची, तुमचा गाळ शब्दशः वापरला, सायीसकट.

सगळे खुशीत होते. मग मी एक छोटी होडी आणली. कासवीचीच, म्हातारी एकटीच वल्हवतेय, टोपलीत मांदेली. किनाऱ्यापासून दीड-दोन मैलांवर. कॉलेजातला पोरगा पहाऱ्यावर होता. त्याने नियमाप्रमाणे विचारलं, "दस्तक?"

म्हातारी म्हणाली, "कसलं रे? मी रोज इथूनच जाते."

पोरगा म्हणाला, या पाण्यात आता कागद लागतो. तिने टोपलीखालून एक जुना, भिजून पुठ्ठ्यासारखा झालेला कागद काढला. मीठखात्याचा. "हा चालंल? अक्षर गेलंय, पण शिक्का दिसतो बघ अजून."

पोरगा डेंटिस्टकडे बघायला लागला. डेंटिस्ट बँकवाल्याकडे. बँकवाला म्हणाला, हिला फुकट देऊ. मावसबहीण म्हणाली, हिला फुकट दिलंस तर उद्या सगळी मांदेली म्हाताऱ्या बायकाच विकतील. पोरगी म्हणाली, मुळात मच्छीमाराला कागद लावायचाच कशाला. डेंटिस्ट म्हणाला, टोपलीत मासळीखाली काय आहे ते कोणी पाहिलंय का, ती बेटावरून मीठ राजाकडे नेत असेल तर? मग यांनी टोपली उपसावी की नाही यावर पाऊण तास भांडण. (तक्रार त्याचीच.) साडेअकराला वॉचमनने दिवे घालवले. फासा टाकायचा राहिला.

टोपलीत काय आहे ते मी ठरवलेलं नाही. या शनिवारी पुढे.

आळशी_अजगर

मुठीपेक्षा जास्त मीठ निघालं तर छप्पर उतरवणार का?

मिठागरवाला

हे त्यांच्यासमोर बोलू नका हो.

वाशीगावची

शनिवारी खेळात तिथी कोणती आहे? नवमी असेल तर पावणेसातला भरती. तुमची माणसं आणखी तासभर भांडत बसली तर पाणी उलटेल, आणि म्हातारीला वल्हं मारायचीसुद्धा गरज नाही. ओहोटीबरोबर होडी आपोआप खाडीबाहेर निघते.